नियम क्रमांक चार

औलू, जानेवारी. तीनलाच अंधार.
वेइक्कोची तक्रार: राइलीला मेल पोचत नाहीत.
दोघांच्या टेबलांमध्ये
एक फिकस आणि अकरा पावलं.

रांग तपासली. रिकामी.
नोंदी चाळल्या:
नऊ चौदा, स्वीकारली.
नऊ चौदा, पोचती केली.
सर्व्हर खोटं बोलत नाही,
तेवढी कल्पनाशक्ती नाही त्याला.

मग राइलीच्या खुर्चीत बसलो.
ती कॉफी आणायला गेली,
जरा जास्तच वेळ.
नियम क्रमांक चार, सहा वर्षांपूर्वीचा:
वेइक्कोकडून येईल ते सगळं
न उघडता कचऱ्यात.

कचरा महिन्याला आपोआप रिकामा होतो.
वर आजचीच होती:
‘मार्चची बिलं तुझ्याकडे आहेत का?’

नियम पुसला नाही.
वेइक्कोला म्हटलं, सर्व्हरचाच दोष.
वाटलंच, म्हणाला तो.
उठला, फिकसपर्यंत गेला,
कुंडीतली माती चाचपली,
परत आला.