आता पेनड्राइव्ह काढा, एंटर दाबा

नारिनमध्ये उणे बावीस.
सालकिनने चुलीत दोन शेणी सरकवल्या,
हातमोजे काढले, लॅपटॉप उघडला.
काळ्या पडद्यावर पांढरी एकच ओळ:
सुरू करण्याजोगं काही सापडलं नाही.

काल रात्री तर सापडलं होतं.
काल रात्री एर्मेक, बहिणीचा मुलगा, इथंच बसून
जुनं विंडोज पुसत होता, लिनक्स घालत होता,
एका हातात चहाची वाटी.
म्हणाला, मावशी, हे म्हातारं आता शिंगरासारखं पळेल.
पळालंही.
तीनशे बारा मेंढ्यांची लसीची वही
त्यानं तिच्या डोळ्यांदेखत उघडून दाखवली.

पहाटे पाचची मिनीबस बिश्केकला,
पुढे विमान, कझान, कुठल्याशा गोदामातली रात्रपाळी.
दाराशी बुटांच्या ओळीत
एका जोडाची जागा कोरडी होत चाललेली.

पंचवीस वर्षं जनावरांची डॉक्टर आहे ती.
उठत नाही म्हणून गाईला लाथ घालायची नसते.
आधी कान चाचपायचे, गार पडलेत का.
मग डोळे. मग पोटाला कान.
मग धन्याला विचारायचं: काल काय काय घडलं?

तिनं लॅपटॉपच्या कुशीला कान लावला.
आत काहीतरी फिरत होतं, बारीक, नेमानं.
एफ-टू दाबून निळ्या पानात शिरली:
डिस्कचं नाव तिथं होतं, आकडाही बरोबर.
म्हणजे जीव आहे.
फक्त हाक मारायला कुणी नाही.

दुपारी शाळेतला तोक्तोसुन आला, टोपीवर बर्फ घेऊन.
त्यानंही तेच विचारलं, गुरांच्या डॉक्टरासारखं:
काल याला काय काय जोडलेलं होतं?
चार्जर, ती म्हणाली. माऊस.
आणि एर्मेकचं ते लाल, बोटाएवढं.

तोक्तोसुन हसला नाही.
चहा अर्धा ठेवून म्हणाला,
यंत्रानं त्याला विचारलं असणार,
उंबरा कुठं बसवू, या डिस्कवर की त्या?
आणि पोरानं न वाचताच हो म्हटलं.
घर इथं बांधलं,
उंबरा बसवला त्या लाल तुकड्यावर.
रात्रभर तो लावलेलाच होता,
म्हणून कळलं नाही कुणाला.

तिनं फोन लावला. बस दोलोनच्या घाटात,
आवाज येत होता, तुटत होता.
खिसा बघ.
काय?
डावा खिसा.
...आहे, मावशी.
मग बराच वेळ नुसती इंजिनाची घरघर.
मग: उतरू का? समोरून येणारी एखादी गाडी मिळेल.

सालकिन खिडकीकडे बघत राहिली.
तोक्तोसुनच्या हातात शाळेचा पेनड्राइव्ह होता,
गेल्या वर्षीच्या संमेलनाचे फोटो पुसून तयार केलेला.
त्यानं काही सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही.
रेंज गेली.

पुढचं काम दहा मिनिटांचं.
बाहेरच्या लिनक्सवर यंत्र उठवलं,
आतल्या डिस्कची कडी काढली,
तिच्या मुळाशी जाऊन उभे राहिले, आणि एक आज्ञा.
एसडीए, तोक्तोसुन मोठ्यानं म्हणाला, बी नव्हे, ए.
तिनं ए टंकलं. पुन्हा वाचलं. एंटर.

इन्स्टॉलेशन पूर्ण. एकही चूक आढळली नाही.

पेनड्राइव्ह काढताना त्याचा हात अडखळला,
म्हणून तिनंच काढला,
वासराच्या कानातला गोचीड काढावा तसा, सरळ, न पिळता.
पडदा काळा.
काळाच.
मग अक्षरांची एक सर खाली पळाली,
आणि मेंढी क्रमांक एक, डावा कान फाटका, लस बाकी.

फोन थरथरला. घाट उतरला असावा.
मावशी, बस जेवायला थांबलीय. येऊ ना?

तिनं लिहिलं: नको, झालं. जा.
पाठवलं.
मग यंत्र पूर्ण बंद केलं
आणि पुन्हा सुरू केलं,
नुसतं बघायला.