कडेचे

सातवी माळ. फतेगंजात गरबा भरात,
टाळीगणिक खिडकीची काच थरथरते.
मी चुंबकाचा आकडा वाढवते.

ग्रॅफाईटचा पापुद्रा, चिकटपट्टीने सोलत सोलत
एका अणूच्या जाडीवर आणलेला,
हेलियमच्या थंडीत पडून आहे.
इलेक्ट्रॉनांना माडी नाही, तळघर नाही, नुसतं अंगण.

क्षेत्र चढतं. मधले जागच्या जागी गिरक्या घेतात,
पोचत कुठेच नाहीत.
कडेच्यांची फेरी पुरी होत नाही:
भिंतीला आपटतात, अर्धं वळतात, पुन्हा आपटतात,
तसेच पुढे. मागे फिरायला जागाच नाही.
सगळा प्रवाह त्यांचा.

आलेखाला सपाट पायरी आली.

आम्ही टिपणीस, चार पिढ्या बडोद्यात,
दोन्ही भाषांच्या कडेला.
जशुभाई किल्ल्या वाजवत: "बेन, बंद करू?"
"थांबा जरा. अजून एक पायरी येतेय."