आठव्या रांगेतला उंट

तिसऱ्याच खेळीला तिने प्यादं मारलं,
मीही मारलं. दार उघडलं.
नौपाड्यात, पिठाच्या गिरणीवरच्या या क्लबात
सत्तावीस वर्षं मी काळ्यांनी फ्रेंचच खेळतोय.

डाव हरल्यावर मृण्मयी पाटणे, इयत्ता सातवी,
पट पुन्हा लावते.
"काका, इथे घोडा नाही चुकला तुमचा."
मी तर तिथेच वहीत
दोन प्रश्नचिन्हं काढून बसलेलो.
ती सी-आठवर बोट ठेवते:
"हा बघा. तिसऱ्या खेळीपासून वाट मोकळी.
हलला का नाही?"

खाली गिरणी थांबते. कुणाची तरी बाजरी संपली.

काय सांगू,
की माझ्या फ्रेंचमध्ये हा उंट
आपल्याच प्याद्यांमागे अडकून असतो,
त्याला हिशेबात धरणंच मी सोडलेलं?
वागळे इस्टेटची कंपनी सुटून दोन वर्षं झाली,
अजून पावणेसातला माझ्या पायात बूट असतात.

"सुचलं नाही," म्हणतो.

ती माझ्याच वहीत, गोल अक्षरात,
फक्त 'उंट' लिहिते, खाली रेघ ओढते.
"आणखी एक? काळी मी घेते."
पांढऱ्यांनी काय खेळावं
ते ठरवत बसतो,
तिने घड्याळ दाबलंसुद्धा.