ओळखीचं वगळून

टिमकीतल्या बंद पडलेल्या विणकर सोसायटीची
हार्ड डिस्क आलीय टेबलावर.
सोबत हेडाऊंची चिठ्ठी :
बाई, यात आमचं काही असलं तर पाहा,
बाकी पुसून टाका.

तीन लाख बारा हजार फाइली.
सीताबर्डी, दुसरा मजला, मे.
कूलरमधल्या वाळ्याचा वास कधीच संपला,
घरघर तेवढी चालू.

मी नावं वाचत नाही.
नाव कुणीही बदलतं.
'हिशेब नवीन' उघडावं तर आत पत्त्यांचा डाव.
म्हणून प्रत्येक फाइल दळायची,
छोटी असो की मोठी,
खाली पडतात चौसष्टच अक्षरं.
एक स्वल्पविराम हलला
तर चौसष्टच्या चौसष्ट परकी.
आणि पिठावरून गहू
आजवर कुणी परत केला नाही.

मग यादीशी ताडायचं.
प्रिंटरचं पॅकेज : ओळखीचं.
टायपिंगचे फॉन्ट : ओळखीचे.
ब्राउझरची जुनी आवृत्ती, तिची तेराशे पोरं,
सगळी ओळखीची, बाजूला.
जगात कुठंही गेलं तरी अशीच,
बाइटागणिक अशीच.

संध्याकाळी उरल्या एकोणीस.
"मॅडम, व्हायरस असन," प्रणय म्हणाला.
"असन. नसन बी.
अनोळखी म्हणजे चोर नसते बाबू."

अकरा तर ओळखीच्याच निघाल्या,
एकेका बिटानं नासलेल्या.
सात मजुरीच्या याद्या,
त्यात 'पौनीकर, उचल ४०' वारंवार.
आणि एक चित्र,
काळे-पांढरे चौकोन माऊसनं एकेक भरलेले :
करवती किनार.
चौथ्या ओळीत एक दात आखूड.

हेडाऊ आले, चष्मा कपाळावर,
बोट थेट त्या दातावर.
"चुकला नाही तो.
आमच्या मागाची खूण हाय.
गांधीबागेत हजार लुगड्यांत
मी हाच चाचपत होतो."

पेनड्राइव्ह त्यांनी रुमालात बांधला,
पैसे विचारले, दोनदा.

ते गेल्यावर त्या चित्राची चौसष्ट अक्षरं
यादीत घालायला घेतली.
अर्धी उतरवली आणि हात थांबला.
यादीत गेलं
की पुढच्या खेपेला
ते वगळलं जाणार.

खोडलं.
प्रणयला म्हटलं, कूलर बंद कर, निघू.