आसरा असोसिएट्स, धायरी

माहितीपत्रकाच्या दुसऱ्या पानावर
'आमच्या नावाविषयी' अशी चौकट आहे.
ती मी भरायची, पोकळे शेठ म्हणाले,
कारण ऑफिसात मराठी एम.ए. मी एकटीच,
आणि जाहिरातवाला शब्दाला चार रुपये मागत होता.

मी लिहिलं: आसरा म्हणजे आश्रय,
निवारा, डोक्यावरचं हक्काचं छप्पर.
शेठनी दोनदा वाचलं. 'छापा,' म्हणाले.
दारापर्यंत गेले आणि परत आले.
'दुसरा अर्थ घालू नका.'

दुसरा मला माहीतच नव्हता.

तो सांगितला पंपवाल्या हणमंतूने.
बी विंगच्या तळघरात, दोन नंबरच्या पंपामागे
सात दगड आहेत, नारळाएवढे, शेंदूर फासलेले.
इथं पोकळ्यांची विहीर होती, तो म्हणाला,
ओढ्याच्या अंगाला, उसाचं पाणी देणारी.
विहिरीत आसरा होत्या. साती जणी.
भर दुपारी केस सोडून काठावर बसायच्या
आणि एकट्यादुकट्याला नावानं हाक मारायच्या.
शेठचा थोरला भाऊ, एकोणीस वर्षांचा,
वैशाखात पोहायला उतरला तो...
इथे हणमंतूने खटका दाबला
आणि पंपाच्या आवाजात पुढचं बुडालं.

विहीर बुजवायला सत्तावीस डंपर मुरूम लागला.
पावत्या मीच फाइलला लावल्या होत्या.
पाणी काही बुजलं नाही.
लिफ्टच्या खड्ड्यात येतं, मार्चमध्येसुद्धा,
आणि ऑफिसमागच्या बोअरला तेच झरे.

घरी येऊन मी कोश काढला.
एक आसरा आश्रयातून आलेला,
एक अप्सरेतून.
वेगवेगळ्या गावांहून निघाले दोघे,
वाटेत सारखेच झिजले
आणि आता एकाच पाटीत राहतात,
भाडेकरार नाही, पोलीस व्हेरिफिकेशन नाही.

मग उलगडलं, प्रत्येक ताब्याच्या आदल्या दिवशी
'पंप देखभाल, किरकोळ' या नावाखाली
मी काय लिहीत आले:
तुळशीबागेतले सात हिरवे खण,
बांगड्या, गजरे, सात द्रोण दहीभात.
ऑडिटर गद्रे दरवर्षी चष्म्यावरून विचारतात,
पंपाला खण कशाला?
मी शेठकडे बघते.
शेठ खिडकीतून सी विंगचा स्लॅब बघतात.

तिसरा अर्थ पाटीने स्वतःच काढला.
गेल्या कार्तिकात 'आ'चे दिवे गेले
आणि गच्चीवरून बायपासपर्यंत
तीन रात्री लाल अक्षरांत नुसतं दिसत होतं:
सरा.
समोरच्या टपरीवर निवृत्ती बेनकर बसतात.
त्यांच्या वावरात आता आमचं क्लबहाउस आहे.
त्यांनी बशीतला चहा फुंकत मोठ्यानं वाचलं
आणि पाटीलाच म्हणाले,
'सरलो की बाबा. आता किती सरू?'
कुणी हसलं. टपरीवाला हसला नाही,
त्याला नोटीस आलेली होती.

चौथ्या दिवशी नवा 'आ' बसवला.
बाकीच्या दोन अक्षरांपेक्षा तो जरा जास्तच लाल आहे.

माहितीपत्रकं छापून आली.
चौकटीत एकच अर्थ,
शेजारी हसणारं कुटुंब, कुठल्या तरी परदेशी हिरवळीवरचं.

काल सी विंगसाठी एक जोडपं आलं,
शिरवळहून, कर्ज मंजूर झालेलं.
नवरा चटईक्षेत्र विचारत होता.
ती मात्र फरशीकडे कान देऊन म्हणाली,
'खाली कुणी बोलतंय का हो?'
'पंप आहे,' मी म्हटलं.
आणि उगाच काहीतरी करायचं म्हणून
माठातलं पाणी दिलं तिला.

तिने उभ्या उभ्या सगळं प्यायलं,
रिकामा पेला हातातच धरून ठेवला.
'गोड आहे,' म्हणाली. 'अजून मिळेल?'