चिलटं

पालच्या वर, सातपुड्यात,
वैशाखातले सकाळचे साडेनऊ.
चिलटं थेट डोळ्यांत घुसतात,
डोंगरात तेवढंच पाणी उरल्यासारखी.
मी टॉवेल झटकतो, शिव्या घालतो.
रुबाब तडवी मागे न बघता म्हणतो,
"हात नको हलवू भाऊ, नाद लागतो त्यांना."

फोडलेलं वारूळ. आतली माती
अजून ओलसर.
मोहाच्या खोडावर ओरखडे,
माझा हात पोचत नाही तिथवर.
वाटेतच विष्ठा: टेंभराच्या बिया, चकचकीत.
रुबाब काडीनं उकरतो, हसतो,
"त्याच झाडाचे मीपण खाल्ले काल."

मग एका वळणावर
चिलटं गेली. सगळी, एकदम.
मी डोळे पुसले, हुश्श केलं.
रुबाब मात्र थांबला,
करवंदीच्या जाळीकडं बघत
हळूच म्हणाला,
"कोणाच्या डोळ्यांवर गेली?"