पाट्या

शिनोळीच्या पुढं कुठंतरी रस्त्याचा आवाज बदलतो,
तेव्हा कळतं, राज्य बदललं.
नेमकं कुठल्या दगडापाशी, ते
एकोणीस वर्षं या बसनं माहेरी येऊनही
मला सांगता येत नाही.

बाबांच्या पट्ट्याला खिळ्यानं पाडलेली तीन नवी भोकं
मी पाहिली होती.
म्हटलं, उन्हाळा आहे, जेवण जात नसेल.
विजेचं बिल एकाच महिन्यात दोनदा भरलेलं.
म्हटलं, सरळ माणूस.
थर्मासात टर्पेंटाइन सापडलं तेव्हा तर
आम्ही हसलो. जोतिबा म्हणाला,
पेंटरच्या घरी आणि काय असणार गे?

मग पाट्या आल्या.
डब्यावर मीठ. डब्यावर साखर.
न्हाणीकडे बाण.
अर्ध्या शहापूरची दुकानं रंगवलेला हात,
दोरी न लावता सरळ ओळ,
वेलांटीला तोच जुना झोक,
आणि कन्नड वर, मराठी खाली,
घरातसुद्धा नियमाप्रमाणे.
मी फोटो काढून भावकीच्या ग्रुपवर टाकले.
सत्तावीस अंगठे आले.

गॅसच्या वर लिहिलं होतं : बंद केलास काय?
खाली, बारीक ब्रशनं : परत बघ.
त्याखाली आणखी बारीक : परत.
तो फोटो मी टाकला नव्हता.
का नाही, हे स्वतःला विचारलंही नव्हतं.

आज दार उघडून बाबा उभे राहिले,
शर्टावर शर्ट,
आणि गिऱ्हाइकाशी बोलावं तशा अदबीनं म्हणाले,
‘यार बेकागित्री?’
कोण पाहिजे होतं, म्हणून. मला. कन्नडमध्ये.
बाजाराची भाषा त्यांनी कधी
उंबऱ्याच्या आत आणली नव्हती.

माझ्या तोंडून निघालं,
भरमाण्णा पेंटर आहेत काय?

‘बाहेर गेलेत. येतील इतक्यात.
बसा की.’

बसले.
समोर माझा लग्नातला फोटो,
चौकटीखाली पांढरी पट्टी, रंग अजून चिकट :
शेवंता. मुलगी. गुरुवारी येते.

आज गुरुवारच.

जोतिबाला फोन लावला. म्हटलं, ये.
फोनवर बोलायचं नाही हे.
पाचची बस जाऊ दिली.

आत डबे उघडल्याचे, झाकल्याचे आवाज, बराच वेळ.
पाव्हण्या बाईसाठी चहा चालला होता.
मी जाऊन शेजारी उभी राहिले.
डबा त्यांच्या हातातच होता.
त्यांनी तो माझ्याकडे फिरवला, अक्षरं माझ्या बाजूला,
आणि थांबले.

मी वाचून दाखवलं :
साखर.